पाहुण्याची पट्टी

कर्मचारी वसाहत, खोली नं. ७,
ज्वारी संशोधन केंद्र.
१८ मार्च १९९८

आदरणीय मल्हारी आप्पांना अनिसचा सलाम.

आप्पा, बातमी आधी सांगतो, खुशाली मागून विचारतो. आमच्या नव्या ज्वारीच्या चाचण्या अकरा गावांत शेतकऱ्यांच्या रानात घेतल्या होत्या. त्यात तुमचं खुटबाव पहिलं आलं. दहा गुंठ्यांत तुमची नेहमीची मालदांडी नव्वद किलो आणि शेजारच्या तेवढ्याच पट्टीत आमची एकवीस नंबर दीडशे. बाकीची गावं फार मागं आहेत. साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा एक तर खूश असतात नाही तर भडकलेले. या वेळी खूश होते.

मी त्यांना सांगितलं, हे शेतकरी माझ्या अब्बांचे दोस्त. पूर्वी दर साली मेंढ्या घेऊन शिरूरला आमच्या रानात उतरायचे, मी लहानपणी त्यांच्या कोकरांत लोळलोय. आता मेंढ्या विकून त्यांनी स्वतःच्या हिमतीवर सहा एकर जमीन केलीय. साहेब म्हणाले, "मग खुटबाव तूच सांभाळायचं." सहा वर्षं मी इथं हंगामी सहायक आहे. कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव वर सरकलंय, असं क्लार्क सांगत होता.

सोबत एक फॉर्म पाठवतोय. वरचं सगळं मी भरलंय. तळाला तुमची सही तेवढी करून उलट टपाली धाडा. गिताकाकूंना सलाम.

तुमचा,
अनिस


खुटबाव, ता. दौंड
२७ मार्च १९९८

चि. अनिस यास मल्हारी आप्पाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं चावडीपुढं फोडायला लावलं, त्यामुळं आपण पहिले आलो हे मी घरी पोचायच्या आधी तुझ्या काकूला कळलं होतं. ती म्हणाली, "पयलं आलं म्हंजी काय? काय देत्यात का नुसतंच?" मी म्हटलं, नुसतंच.

फॉर्म वाचला. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं तुझ्या वडलांच्या ओसरीवर शिकलो, मिसरूड फुटल्यावर. सिद्दीक शिकवायचा आणि मी चुकलो की माझ्याच काठीनं मला ढोसायचा. उशिरा शिकलेला माणूस सही करायच्या आधी सगळं वाचतो. ज्यांना लहानपणी आयतं मिळालं ते वाचत नाहीत, हे मी तालुक्याच्या कचेरीत पुष्कळदा बघितलंय.

सातव्या ओळीत तू लिहिलंयस, "दोन्ही पट्ट्यांना समान खत." तेवढं बरोबर नाही. पोत्यातलं खत सारखंच टाकलं, तू मोजून दिलंस तसं. पण पेरणीच्या आधी हौशीरामची मेंढरं मी तुझ्या पट्टीत बसवली होती. हौशीराम म्हणजे माझा चुलतभाऊ, तो अजून मेंढरं राखतो. तीनशे मेंढरं, भोवती वाघरीची जाळी लावून तीन मुक्काम. सगळी लेंडी, सगळं मूत त्या दहा गुंठ्यांत. मालदांडीच्या पट्टीत एक मेंढरू सोडलं नाही.

असं का केलं म्हणशील. अरे, सरकारचं बी म्हणजे घरी आलेला पाहुणा. घरच्याच्या ताटात आणि पाहुण्याच्या ताटात तूप सारखं वाढतात का? हौशीरामनं विचारलं, "कंच्या पट्टीत बसवू?" मी म्हटलं, "पाव्हण्याच्या." त्याला पुढं काही विचारावं लागलं नाही. आणि पाहुण्याला काय वाढलं ते आपण त्याला ऐकवत नसतो, म्हणून तुला बोललो नाही. दोघांना सारखंच अर्धपोटी ठेवून बघायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझे साहेब गाडीच्या काचेतून म्हणाले, "चांगली काळजी घ्या." ती घेतली.

आणखी एक. तुमच्या माणसांनी दाणे तोलले, कडबा तसाच टाकून गेले. आमच्याकडं ज्वारी निम्मी माणसाची आणि निम्मी जनावराची असते. तुझ्या एकवीस नंबरच्या कडब्याला बैल तोंड लावतो आणि मग माझ्याकडं बघतो. तेही कुठं लिहायची सोय असेल तर लिही.

सातवी ओळ दुरुस्त करून फॉर्म परत पाठव. सही लगेच करतो.

तुझा,
मल्हारी आप्पा


संशोधन केंद्र
९ एप्रिल १९९८

आदरणीय आप्पा,

तुमचं पत्र वाचून मी ट्रंकेत ठेवलं. ते मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्हीही कुठं बोलू नका अशी हात जोडून विनंती.

नीट सांगतो. नवं वाण मालदांडीपेक्षा सरासरी दहा टक्के तरी जास्त पिकलं पाहिजे, तरच ते समितीपुढं जातं आणि त्याचं बी शेतकऱ्यांना वाटता येतं. अकरा गावांची सरासरी बारा टक्के येते. खुटबाव काढलं तर साडेसहा. साहेबांचं नऊ वर्षांचं काम तुमच्या त्या दहा गुंठ्यांवर उभं आहे.

मी त्यांना आडून विचारलं, एखादं गाव गाळता येतं का. ते म्हणाले, कारण लागतं. कारणांची यादी फॉर्मच्या पाठीवर छापलेली असते: अतिवृष्टी, अवर्षण, कीड, रोग, जनावरांनी पीक खाणे. जनावरांनी खाल्लं तर रकाना आहे, जनावरांनी दिलं तर नाही. कडब्याला तर फॉर्मच नाही.

सप्टेंबरात पट्ट्या आखायला आलो होतो तेव्हा मला हे कळलं असतं तर त्याच दिवशी मी सगळं थांबवलं असतं. आता पीक निघालं, आकडे वर गेले. तुमच्या सहीच्या जागी मी "शेतकरी बाहेरगावी" असा शेरा मारून फॉर्म दिला. रागावू नका. समितीची बैठक मेमध्ये आहे, कायम होण्याची यादी जूनमध्ये. अम्मी दर पत्रात विचारते, कधी, कधी.

आणि वाण काही वाईट नाही हो आप्पा. खाऊ घातलं तर देतं.

अनिस


खुटबाव
२० एप्रिल १९९८

चि. अनिस यास आशीर्वाद.

मी बाहेरगावी नव्हतो. मी इथं कांद्याला पाणी देत होतो.

खाऊ घातलं तर देतं म्हणतोस, तर पिशवीवर तेवढं छापा. "हे बी पेरणाऱ्यानं तीनशे मेंढरं सोबत आणावीत." आमच्या अख्ख्या भावकीत आता हौशीराम एकटा राहिलाय मेंढरंवाला. बाकीचे कुणी कारखान्यावर, कुणी माझ्यासारखे रानात. शिरूरच्या जिरायत पट्ट्यात ज्याला पाणी नाही, खत नाही, तो तुझं बी घेणार. कालव्यावरचा ऊस लावतो, त्याला ज्वारीची गरजच नाही. म्हणजे ज्याच्या ताटात तूप नाही त्याच्याच घरी हा पाहुणा जाणार.

परवा पाटसच्या स्टँडवर बसलो होतो. पाठीमागं दोघं बोलत होते.

"खुटबावला दहा गुंठ्यात दीडशे निघाली म्हणं."

"दीडशे? मी दोनशे ऐकली."

"कुणाची?"

"हाय कुणीतरी मल्हारी म्हणून. आधी मेंढरं हाकायचा."

मी पेपर तोंडापुढं धरून ऐकत राहिलो. एसटी लागेपर्यंत माझी ज्वारी अडीचशेवर गेली होती. खाली उतरवायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बाबा, तुमाला काय ठावं?"

हे असं पसरतं. छापून आल्यावर किती पसरेल ते बघ. तुझी नोकरी मला कळते. मीही मिळेल ते काम करूनच वर आलोय, कुणाच्या पोटावर पाय द्यायची मला हौस नाही. पण खोटा आकडा माझ्या नावानं आणि माझ्या गावाच्या नावानं फिरतोय. पुढच्या पेरणीच्या आत तो मागं घ्यायला हवा. तू सांगणार नसशील तर मी साहेबांना लिहितो. तुझं नाव त्यात येणार नाही.

मल्हारी आप्पा


खुटबाव
४ सप्टेंबर १९९८

चि. अनिस यास आशीर्वाद.

एप्रिलनंतर तुझं पत्र नाही. मी मात्र तुझ्या साहेबांना तीन पत्रं टाकली, त्यातलं शेवटचं रजिस्टर. तिन्हींत एकच मजकूर: मेंढरं बसवली होती, एकाच पट्टीत बसवली होती, आकडा धरू नये. काल उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवतो.

"आपल्या पत्रांतून व्यक्त झालेली सेंद्रिय खताविषयीची आस्था पाहून केंद्रास समाधान वाटले. आपल्या आदर्श सहकार्यामुळेच एकवीस क्रमांकाचे वाण प्रसारित करणे शक्य झाले आहे. दि. २२ सप्टेंबर रोजी शिरूर येथे भरणाऱ्या शेतकरी मेळाव्यात प्रगतिशील शेतकरी म्हणून आपला शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे योजिले आहे. प्रवासखर्च नियमानुसार."

मी लिहितो आकडा खोटा आहे, ते लिहितात शाल घ्या. पत्र वाचलं तरी असेल का? मला वाटतं वाचलं. न वाचता इतकं गोड लिहिता येत नाही.

तुझी काकू म्हणते, "जा, शाल तर आणा. हिवाळ्यात डोईला बांधायला तरी व्हईल." मी जाणार आहे, शालीसाठी नाही. तिथं माईक असतो.

तू कायम झालास का ते कळव.

मल्हारी आप्पा


संशोधन केंद्र
१० सप्टेंबर १९९८

आदरणीय आप्पा,

कायम झालो. एक जुलैपासून. तुम्हाला कळवायला हात धजला नाही.

मेळाव्याला जरूर या. सत्कार घ्या, आभाराचे दोन शब्द बोला आणि खाली उतरा. वरचे अधिकारी येणार आहेत. तुमची पत्रं साहेबांनी मला दाखवली आणि विचारलं, "हे तुझेच ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "म्हातारे झाले की बोलतात असं." मी पत्रं फायलीला लावली.

अब्बाही येणार आहेत. त्यांनी त्या दिवसासाठी नवा सदरा शिवून घेतलाय. त्यांच्यासमोर काही बोलू नका, एवढं माझ्यासाठी करा.

अनिस


खुटबाव
२५ सप्टेंबर १९९८

चि. अनिस यास.

मेळाव्यात तू समोरच होतास, तरी लिहितो. तू खाली बघत होतास, त्यामुळं काय काय झालं ते तुला दिसलं नसेल.

शाल पांघरली, नारळ हातात दिला, माईक पुढं आला. मी साध्या शब्दांत सांगितलं. माझी ज्वारी बियानं पिकली नाही, मेंढरांनी पिकली. मेंढरं एकाच पट्टीत होती. ज्याच्याकडं खत नाही त्यानं हे बी पेरू नये, आपली मालदांडी बरी.

मागून एकानं विचारलं, "आप्पा, बी संपाय आलंय व्हय?" मांडव हसला. तुझ्या साहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले, "पाहा, किती विनयशील शेतकरी. स्वतःचं श्रेय मेंढ्यांना देतात." टाळ्या पडल्या. मी टाळ्यांसकट खाली उतरलो.

उतरून खांबाआड उभा राहिलो, तर पुढच्या खुर्च्यांवर चाललेलं कानावर पडलं.

"गडी हुशार हाय. समद्यांनी पेरली तर त्याच्या बियाला कोण इचारील?"

"म्हणून भ्या घालतोय."

"चल, टेबलावर चल आधी."

अनिस, मी बोलायच्या आधी बियाण्याच्या टेबलापुढं पंधरा माणसं होती. बोलल्यावर रांग मांडवाबाहेर गेली. सगळा जन्म सौदा करताना मी कधी पहिला भाव खरा सांगितला नाही, हे दोन तालुक्यांना ठाऊक आहे. खरं सांगायची वेळ आली तेव्हा ते आडवं आलं.

त्या रांगेत सिद्दीक होता. दोन एकरांचं बी त्यानं घेतलं. मी हात धरून बाजूला ओढलं तर म्हणतो, "मल्हारी, तू बोललास ते ऐकलं. पण पोराच्या हापिसाचं बी मीच घेतलं न्हाई तर दुसऱ्यानं का घ्यावं?" मग खिशातून तुमचं पत्रक काढून मला वाचून दाखवलं, बोट ठेवून, मला शिकवायचा तसं. "शिफारस केलेल्या मात्रेव्यतिरिक्त अन्य कोणत्याही खताची आवश्यकता नाही." आणि म्हणाला, "हौशीरामला सांग, यंदा मेंढरं माझ्या रानात नको."

हौशीरामचं मेंढरांचं खांड पस्तीस वर्षं, आधी माझं आणि मग त्याचं, त्या रानात बसत आलंय.

पत्रक कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही. मी तुझ्याकडं बघितलं, तू खुर्च्या उचलत होतास. कायम झालेल्या माणसानं खुर्च्या उचलायच्या नसतात.

मल्हारी आप्पा


खुटबाव
११ मार्च १९९९

अनिस,

सहा महिने मी लिहिलं नाही आणि तूही नाहीस. मला राग होता. आता त्याला वेळ नाही, म्हणून लिहितो.

काल तुमच्या रानात गेलो होतो. पाऊस यंदा बरा झालेला. बांधापलीकडं कस्तुराबाईची मालदांडी माझ्या डोक्याच्या वर, आणि अलीकडं तुझ्या वडलांची एकवीस नंबर मांडीला लागेना. कणसात दाणे शोधावे लागतात. सगळं त्यानं पत्रकाबरहुकूम केलं. ओळीतलं अंतर दोरीनं मोजलंय, मी बघितलं.

मला वाटलं तो बियाला शिव्या देईल. तो म्हणाला, "बी चांगलंच हाय रं. छापून आलंय, अनिस तिथं हाय. माझ्या मातीतच काय न्हाई. इतकी वरसं तुमची मेंढरं तिला खाऊ घालीत हुती म्हणून उभी हुती. यंदा येकटी सोडली तर बसली खाली."

"मग करणार काय?"

"माती इकतो. भट्टीवाला हाय तयार. दोन फूट उचलून न्हेतो म्हणतोय."

वीटभट्टीला, अनिस. तुझ्या आज्यानं बांध घालून घालून धरलेली माती. दोन फूट गेल्यावर खाली मुरूम आहे, तिथं पुन्हा काही उगवत नाही. रशिदावहिनी रडत होती. बावीस तारखेला, सोमवारी, ट्रॅक्टर लागणार. मी पुष्कळ सांगितलं, तो म्हणाला, "तू दोस्त हायेस, तू असंच बोलणार."

आता एक विचारतो. पेरणीच्या आधी तू पट्ट्या आखायला आला होतास तेव्हा पाहुण्याच्या पट्टीत वाकलास. काहीतरी उचललंस, बोटांत चुरडलंस, आणि हात पँटला पुसलास. मला वाटलं, साहेब लोकांसारखी माती बघतोय. पण तू साहेब लोकांत वाढला नाहीस. तू लेंडीत वाढलास.

हे खरं असेल तर सोमवारच्या आत तू स्वतः ये आणि वडलांना सांग. पत्रानं नको. माझ्या तोंडचं त्याला पटणार नाही, तुझ्या तोंडचं पटेल.

मल्हारी आप्पा


संशोधन केंद्र
२४ मार्च १९९९

आदरणीय आप्पा,

लेंडीच होती. उचलायचीही गरज नव्हती, बांधावर पाय ठेवला तेव्हाच वास आला. मला वाटलं दोन्हीकडं असेल. म्हणून दुसऱ्या पट्टीत गेलो. तिथं नव्हती. तेव्हाच थांबायला हवं होतं. साहेब गाडीत बसून हॉर्न वाजवत होते, त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती. मी दोरी धरली आणि आखून टाकलं. त्यानंतर तुम्हाला जे लिहिलं, सप्टेंबरात कळलं असतं तर थांबवलं असतं, ते खोटं होतं. पत्रकही मीच लिहिलं.

रविवारी घरी गेलो. अब्बा रानात धसकटं उपटत होते, भट्टीवाल्याला मातीत धसकटं चालत नाहीत म्हणून. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं धसकट बाजूला टाकलं. मग विचारलं, "म्हंजी जमिनीत खोट न्हाई?"

"नाही."

"बियात?"

"बी खादाड आहे, अब्बा. पण खोट आकड्यात आहे."

"आन् आकडा तू लिवलास."

"हो."

ते पुन्हा धसकट उपटायला वाकले. धरलं, आणि मग त्यांना कळलं की आता उपटायचं कारण नाही. तसेच खाली बसले. मी शेजारी बसलो तर उठून घरी गेले. सोमवारी ट्रॅक्टर आला तो अम्मीनं दारातूनच परत पाठवला. माती राहिली, आप्पा. अब्बा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

काल साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, वाण प्रसारित झालंय. पुढच्या हंगामाचं बी तयार होऊन गोदामात पडलंय. मागं घ्यायचं तर नव्यानं तीन वर्षं चाचण्या घ्याव्या लागतील. त्यासाठी निधी मागायचा तर आधीच्या चाचण्या चुकल्या असं लिहावं लागेल. "ते कोण लिहिणार?"

मी म्हटलं, "मी लिहितो."

ते म्हणाले, "सहायकाला तो अधिकार नाही."

तरी मी अर्ज लिहून दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मलाच परत दिला. खिशात आहे.

अनिस


खुटबाव
५ एप्रिल १९९९

चि. अनिस यास आशीर्वाद.

माती वाचली, तेवढं तू केलंस. उशीर केलास, तेही तूच केलंस. दोन्ही लिहून ठेवतो.

सिद्दीक माझ्याकडं येऊन गेला. तुझ्याबद्दल काही बोलला नाही. दिवसभर बसला, चहा दोनदा घेतला, आणि जाताना म्हणाला, "तुझं बोलणं माईकवरून ऐकून मी बी हासलो हुतो मल्हारी." मी म्हटलं, "मला ऐकू आलं होतं. तुझं हसणं मी हजारात ओळखतो."

हौशीरामला यंदा तुमच्या रानात पाठवतो. सप्टेंबरात पुन्हा बी वाटणार असाल तर मला कळव. मी येतो म्हणत नाही. मी बोललो की रांग वाढते.

मल्हारी आप्पा


शिरूर
१८ सप्टेंबर १९९९

आदरणीय आप्पा,

हे पत्र घरून लिहितोय. आज शिरूरच्या बाजारात बी वाटप होतं आणि टेबलावर माझीच नेमणूक होती. साठ पिशव्या, एक पावतीपुस्तक. नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण जीपमधून पोती उतरवली, रांग लागली, आणि मी नावं लिहायला लागलो. माझं असंच होतं.

अब्बा आले. रांगेत उभे राहिले नाहीत, टेबलाच्या कडेला उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले.

"हे बी पेरू नका."

"का वं चाचा?"

"मी पेरलं हुतं. दोन एकरात एक पोतं झालं न्हाई."

"तुमचं रान हलकं आसल."

"रान चांगलं हाय. आकडा खोटा हाय. खुटबावला मेंढरं बसवली हुती, ते लिवलंच न्हाई."

न्हावऱ्याकडचा एक जण हसला. "गेल्या साली ते शालवालं म्हातारं बी हेच सांगत हुतं. तुम्ही त्याचं दोस्त दिसताय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ज्यानं आकडा लिवला त्यानं."

"आन् तो कोण?"

अब्बा टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा. माझा थोरला हाय."

कुणी हसलं नाही. मी पावतीपुस्तक मिटलं आणि उभा राहिलो. म्हटलं, "खरं आहे. मी लिहिला."

न्हावऱ्याच्या त्या माणसानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग वाटतोस कशाला?"

नेमणूक आहे म्हणून, असं तोंडात आलं आणि तोंडातच राहिलं.

त्यानं आपली पिशवी टेबलावर परत ठेवली. त्याच्या मागच्या दोघांनी ठेवली. एक बाई म्हणाली, फुकट आहे तर कोंबड्यांना होईल, आणि घेऊन गेली. दुपारपर्यंत बेचाळीस पिशव्या उरल्या. गावातून कुणीतरी केंद्रावर फोन केला असणार, कारण जीपचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला: सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा. माझा अर्ज अजून खिशात आहे, तोच देईन. त्याचं पुढं काय होईल ते तुम्हाला मला दोघांनाही ठाऊक आहे.

उरलेल्या पिशव्या पोत्यात भरून जीपमध्ये चढवत होतो तेव्हा पोत्याचं दुसरं टोक अब्बांनी धरलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"उरलेलं आता दुसरीकडं वाटत्याल?"

"वाटतील."

"कुठं?"

"दौंडला. अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी."

पोतं आत ढकलून त्यांनी हात झटकले. "मग मल्हारीला लिव, सोमवारी मी मुक्कामाला येतोय. आन् तू बी सुट्टी टाक. मी येकटा गेलो तर तिथं दाखवू कुणाला?"

म्हणून हे पत्र. आम्ही दोघं सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं चौफुल्याला उतरतो.

तुमचा,
अनिस